तेलात कालवलेलं कुंकू

आमच्या ब्लॉकमध्ये मी कुणाला फारसा आवडत नाही, आणि त्यात लोकांची चूक आहे असं मी म्हणणार नाही. जिन्यात सायकल दिसली की मी बोलतो. पाण्याची टाकी वाहिली की बोलतो. गच्चीची किल्ली घेऊन वेळेवर परत केली नाही तर दार वाजवून बोलतो. दिल्लीत आर. के. पुरमच्या या सरकारी क्वार्टर्समध्ये मी अठरा वर्षं राहतोय आणि त्यातली चौदा वर्षं असोसिएशनचा सेक्रेटरी आहे. दुसरं कुणी ते काम घ्यायला तयार नव्हतं, आणि घेतलं असतं तरी मी त्याला ते सुखानं करू दिलं नसतं.

हे सगळं मला तोंडावर सांगणारा माणूस एकच, भाऊसाहेब. "विश्वनाथ, तू वर गेलास की चित्रगुप्ताला फाइलिंग शिकवशील," असं ते चारचौघांत म्हणायचे आणि मला राग यायचा नाही. ते समोरच्या तळमजल्यावर राहायचे, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे. मी एका मंत्रालयात, ते दुसऱ्या. मूळचे अमळनेरचे. रोज पहाटे सहा किलोमीटर चालायचे आणि मला ओढून न्यायचे. पुढच्या वर्षी रिटायर झाले की नर्मदेची परिक्रमा करायची, पायी, सगळी, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यासाठी करोल बागेतून बूट आणून ते रोज चालून मऊ करत होते. चंद्रप्रभावहिनी म्हणायच्या, यांनी माझ्याकडे इतकं लक्ष दिलं असतं तर बरं झालं असतं.

आता असोसिएशनच्या चेनसॉबद्दल. सहा वर्षांपूर्वी वादळात एक फांदी पडून रस्ता बंद झाला होता आणि ती उचलायला नऊ दिवस लागले. मी मीटिंग बोलावली आणि म्हटलं की आपलं स्वतःचं मशीन हवं. वर्गणी काढून झाडं कापायचा पेट्रोलचा चेनसॉ घेतला. ठेवायचा कुणाकडे? अर्थातच माझ्याकडे. पहिल्या वर्षी दोन लहान फांद्या कापल्या, त्यानंतर त्याला कामच पडलं नाही. पण माझ्याकडची वस्तू तशी पडून राहत नाही. दर तीन महिन्यांनी मी टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरायचो, त्यात मोजून तेल घालायचो, साखळी पुसायचो आणि मशीन अर्धा मिनिट चालवून बंद करायचो. आवाज ऐकून लोक गॅलरीत यायचे आणि माझी कॉलर ताठ व्हायची.

आणि दसऱ्याला त्याची पूजा. आमच्याकडे वडिलांपासून हत्यारांची पूजा असते. वडील ओव्हरसिअर होते, त्यांची टेप आणि ओळंबा पाटावर असायचा. माझ्याकडे पाटावर ठेवण्याजोगं काय, तर स्टेपलर आणि स्क्रूड्रायव्हर. त्यामुळे चेनसॉ आल्यावर मला बरंच वाटलं होतं. पहिल्या वर्षी कोरडं कुंकू लावलं, ते झटकलं गेलं. मला असं अर्धवट आवडत नाही. दुसऱ्या वर्षापासून मी हळदकुंकू तेलात कालवून अंगठ्यानं दाबून टिळा लावू लागलो. जागाही छान होती, पेट्रोलच्या टाकीचं गोल झाकण. त्याच्या मधोमध एक लहानसा खळगा होता, टिळा तिथं बरोबर बसायचा. वासंती, माझी बायको, नंतर फडकं घेऊन पुसायला यायची, तर मी म्हणायचो, राहू दे, पूजेचं आहे.

मे महिन्यातला शनिवार होता. दुपारी चारच्या सुमारास आकाश पिवळं झालं आणि धुळीची आंधी आली. अशी आंधी दिल्लीत दरवर्षी येते, पण ही वेगळीच होती. गॅलरीतल्या कुंड्या आपल्या आपण सरकत होत्या. मी खिडक्या लावत असताना खाली मोठा आवाज झाला आणि पाठोपाठ वहिनींची हाक आली. तशी हाक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

समोरचा जुना कडुनिंब मुळासकट आडवा झाला होता आणि भाऊसाहेब त्याच्याखाली होते. संपूर्ण नाही. अंग मोकळं होतं, डोकं मोकळं होतं, फक्त उजवा पाय गुडघ्याच्या खाली खोड आणि फुटपाथची कड यांच्यामध्ये होता. ते स्कूटर हलवायला बाहेर आले होते. झाडाखाली गाड्या लावू नका म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागलेला असायचो.

"तुझं लेक्चर नको म्हणून आलो बाबा," मला बघून ते म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता, पण बोलणं तेच होतं.

दहाबारा जणांनी मिळून खोड उचलायचा प्रयत्न केला. ते केसभरही हललं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या श्यामकांतनं गाडीचा जॅक आणला, तर तो भुसभुशीत मातीत रुतला आणि तिरका होऊन निसटला. भाऊसाहेब ओरडले. शेजारच्या ब्लॉकमधल्या डॉक्टर हेमलता धावत आल्या होत्या, त्यांनी जॅक काढायला लावला. माळ्यानं कुऱ्हाड आणली, पण एकेक घाव पायापर्यंत पोचत होता, तीही थांबवावी लागली. हेमलतांनी पायाला हात लावून पाहिला, मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "पैर नीला पड़ रहा है. दो घंटे में निकल आए तो शायद बच जाए. उसके बाद मैं कुछ नहीं कह सकती."

फायर ब्रिगेडला श्यामकांत फोन लावतच होता. लागला तेव्हा त्यांनी सांगितलं की शहरात दोनशेवर झाडं पडली आहेत, गाडी निघाली आहे पण रस्ते बंद आहेत. त्यांचा काही दोष नव्हता. मी म्हटलं, आपल्याकडे मशीन आहे. सगळे माझ्याकडे वळले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला अभिमान वाटला. सहा वर्षं लोक ज्याला हसत होते ते आज कामाला येणार होतं.

मशीन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. आधी मधल्या फांद्या कापून वाट करायची होती, मग कंबरेएवढं खोड दोन ठिकाणी कापायचं होतं. साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी खोडाच्या निम्मी, म्हणजे दोन्ही बाजूंनी कापावं लागणार होतं. पंधरावीस मिनिटांचं काम, असा हिशेब मी मनात केला. दोन फांद्या सरसर कापल्या गेल्या. आणि मग मशीनचा आवाज अचानक चढला, बारीक झाला, अडखळला आणि विझला.

"पेट्रोल संपलं का?" श्यामकांतनं विचारलं.

"काल भरलंय," मी म्हटलं. तरी झाकण फिरवलं. सूं असा बारीकसा आवाज आला. टाकी भरलेली होती. झाकण लावलं, दोरी ओढली, मशीन सुरू. खोडावर पट्टी टेकवली, चार बोटं काप गेला. पुन्हा आवाज चढला, पुन्हा विझलं.

"तुझं मशीन तुझ्यासारखंच आहे रे," भाऊसाहेब खालून म्हणाले. "दोन मिनिटं कामाचं बोलतं आणि मग रुसतं."

लोक हसले. मी हसलो नाही. मी वरून टूलबॉक्स मागवला आणि फुटपाथवर चादर अंथरून बसलो. बिघाड शोधायचा एक क्रम असतो आणि मी क्रम सोडत नाही. आधी ठिणगी. प्लग काढला, कोरडा आणि पांढरट होता. माझ्याकडे नवा प्लग होता, पाकिटावर तारीख घालून ठेवलेला. तो बसवला. दहा मिनिटं गेली. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि वहिनींनी हात जोडले. दोन मिनिटांत ते पुन्हा विझलं.

मग हवेचा फिल्टर. काढला, धुतला, फुंकून वाळवला, बसवला. सुरू झालं, आणखी दोन बोटं काप गेला, विझलं. प्रत्येक वेळी सुरू होत होतं हीच तर पंचाईत होती. बंदच पडलं असतं तर मी त्याचा नाद सोडला असता. प्रत्येक वेळी वाटायचं की सापडलं.

त्याच वेळी सुमित्रा पुढे आली. ती त्या कडुनिंबाखाली कोळशाची इस्त्री घेऊन बसायची. झाड पडलं तेव्हा ती कपडे द्यायला वर गेली होती म्हणून वाचली. तिचं टेबल फांद्यांच्या खाली चेंगरून गेलं होतं आणि ती मघापासून भाऊसाहेबांच्या डोक्यावर ओढणीची सावली धरून बसली होती.

"साहब," ती म्हणाली, "एक बार ढक्कन ढीला करके चलाओ ना. हमारे गाँव में पानी का पंप ऐसे ही बंद होता था. मेरा आदमी ढक्कन ढीला कर देता था, फिर चलता था."

माझे हात काळे झाले होते, घामानं चष्मा घसरत होता आणि घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती. मी तिच्यावर खेकसलो. "पेट्रोल है ये, पानी नहीं है. छलकेगा तो आग लगेगी. साहब को ज़िंदा जलाना है? जाओ, अपनी जगह बैठो."

ती मागे सरली. झाकण सैल करायचं हे माझ्या क्रमात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर इस्त्रीवाल्या बाईनं मला मशीन शिकवावं हे मला झेपलं नाही.

पुढचा नंबर टाकीतल्या फिल्टरचा होता. झाकण काढलं, पुन्हा तोच सूं आवाज. तो मी ऐकला. माझे कान चांगले आहेत, फक्त मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तार वाकवून फिल्टर बाहेर ओढला, तो स्वच्छ होता, तरी बदलला. मशीन सुरू झालं आणि या वेळी जरा जास्तच चाललं. मी श्यामकांतला म्हटलंसुद्धा, "बघ, फिल्टर होता." मग ते विझलं.

आता राहिला कार्बोरेटर. त्याच्या बाजूला दोन बारीक स्क्रू असतात, पेट्रोल आणि हवेचं प्रमाण ठरवणारे. मला ते फिरवायचा अनुभव नव्हता. मी एक उजवीकडे पाव फेरा फिरवला, फरक पडला नाही, डावीकडे अर्धा फिरवला, मग दुसरा. मूळ जागा लिहून ठेवायची असते हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणी विसरलं असतं तर मी त्याला झापलं असतं. सहा वाजायच्या आत मशीन सुरू व्हायचंच थांबलं. मी दोरी ओढत राहिलो. श्यामकांतनं ओढली, माळ्यानं ओढली. नुसता पेट्रोलचा वास यायला लागला.

त्यानंतरचा वेळ मला सलग आठवत नाही. श्यामकांत दुसरं मशीन शोधायला स्कूटरवरून गेला आणि रस्ते बंद म्हणून तासाभरानं हात हलवत आला. कुणीतरी सुताराची करवत आणली, ती ओल्या खोडात अडकून बसत होती. तरी आम्ही आळीपाळीनं ती ओढली. माझ्या तळहाताची सालं निघाली. भाऊसाहेबांनी चेष्टा करणं थांबवलं होतं. एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं. मी खाली वाकलो.

"दुखायचं थांबलंय रे," ते म्हणाले. "बरं वाटतंय."

मी हेमलतांकडे पाहिलं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मला तिथून पळून जावंसं वाटलं, घरात जाऊन दार लावून घ्यावंसं वाटलं. मी त्यांचा हात धरून बसलो, कारण दुसरं काहीच करता येत नव्हतं. मी आयुष्यात इतका निरुपयोगी कधी नव्हतो.

सव्वासात वाजता फायर ब्रिगेडवाले पायी आले. गाडी चौकातच अडकली होती. त्यांनी त्यांचं मशीन खांद्यावरून उतरवलं आणि बारा मिनिटांत खोडाचे तीन तुकडे केले. मी उभा राहून ते बघितलं. त्यांचं मशीन आमच्याच कंपनीचं, आमच्यापेक्षा जुनं होतं.

तिसऱ्या दिवशी भाऊसाहेबांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

जून महिन्यात मी चेनसॉ घेऊन करोल बागेत गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. बहुधा मला ऐकायचं होतं की आतला एखादा भाग तुटला आहे, हा कंपनीचाच दोष आहे, कुणालाही सापडला नसता. गाड्यांच्या पार्टच्या दुकानांमागे एक म्हातारा मिस्त्री बसतो, त्याच्यासमोर मशीन ठेवलं. त्यानं स्क्रू जागेवर आणले आणि मशीन चालू केलं. दोन मिनिटांनी आवाज चढला, बारीक झाला. विझायच्या आत मिस्त्रीनं हात पुढे करून टाकीचं झाकण अर्धा फेरा सैल केलं. मशीन सावरलं आणि चालतच राहिलं. त्यानं बंद करेपर्यंत चाललं.

"टंकी में हवा नहीं जा रही, साहब," तो म्हणाला. "पेट्रोल निकलता है तो उसकी जगह हवा चाहिए. ढक्कन में इसीलिए छेद होता है." त्यानं झाकण काढून उजेडात धरलं. मधोमधचा तो खळगा दिसला. टिळ्याची जागा. त्यानं टाचणी घेतली आणि त्यात घुसवली. समोर पसरलेल्या वर्तमानपत्रावर लाल रंगाचा कडक झालेला खडा पडला, मुगाच्या डाळीएवढा.

"ये क्या भर दिया? लाख है?"

"पता नहीं," मी म्हटलं.

अर्धा मिनिट चालवून बंद करायचो, म्हणून सहा वर्षांत मला ते कधी कळलं नव्हतं. आणि दरवर्षी मी त्यात अंगठ्यानं दाबून आणखी थोडं भरत होतो.

घरी आल्यावर वासंतीनं विचारलं, काय निघालं? मी म्हटलं, कार्बोरेटर. श्यामकांतला कार्बोरेटर सांगितलं, वहिनींना कार्बोरेटर सांगितलं. या शब्दापुढे कुणी प्रश्न विचारत नाही. भाऊसाहेबांनी विचारलं तेव्हा ते हॉस्पिटलच्या कॉटवर उशांना टेकून बसले होते. "कार्बोरेटर," मी म्हटलं. ते म्हणाले, "जाऊ दे. तू जीव तोडून खपलास. मी बघत होतो ना." मी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि रडलो.

चार महिने मी हे पोटात ठेवलं. सुमित्रानं पुढच्या नाक्यावर नवं टेबल मांडलं होतं. मी तिच्याकडे कपडे द्यायचं बंद केलं आणि वासंतीला सांगितलं की ती डाग पाडते. रोज संध्याकाळी मी भाऊसाहेबांकडे जायचो. सप्टेंबरमध्ये त्यांना नकली पाय बसला. मी त्यांना अंगणात चालवायचो, ते माझ्या खांद्याला धरायचे. परिक्रमेचे बूट वहिनींनी कुणाला तरी देऊन टाकले होते. परिक्रमेचा विषय आमच्यात कुणीच काढत नव्हतं.

मग दसरा आला. चेनसॉ मी पाटावर ठेवला नव्हता, तो पोटमाळ्यावर होता. सकाळी दहाला दाराची बेल वाजली. भाऊसाहेब एकटे जिना चढून पहिल्या मजल्यावर आले होते, एका हातात काठी, दुसऱ्यात कांचनाची पानं. दिल्लीत आपटा मिळत नाही, आम्ही कांचनाची पानंच सोनं म्हणून देतो. त्यांनी मला पान दिलं, वासंतीला दिलं, आणि पाटाकडे बघून म्हणाले, "मशीन कुठाय?"

"नाही ठेवलं या वर्षी."

"का? त्याच्यावर राग काढतोस? बिचाऱ्याचा कार्बोरेटर गेला होता, त्यानं काय करावं? काढ खाली. आज मी पूजा करतो. त्या दिवसाचं मनात ठेवायचं नाही, मी चालून आलोय बघ."

वासंतीनं श्यामकांतला बोलावून ते उतरवून घेतलं आणि तो सोनं वाटायला निघून गेला. भाऊसाहेब पाटासमोर स्टुलावर बसले, काठी भिंतीला टेकवली. ताम्हनात माझ्याच पद्धतीनं तेलात कालवलेलं कुंकू होतं, वासंतीनं सवयीनं केलेलं. त्यांनी अंगठा त्यात बुडवला आणि झाकणाकडे नेला. बरोबर मधोमध.

"तिथं नको," मी म्हटलं.

"इथंच लावतोस ना तू?"

"तिथं छिद्र आहे," मी म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं. मिस्त्री, टाचणी, लाल खडा. कार्बोरेटर खोटं होतं हेही सांगितलं. वासंती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

भाऊसाहेबांचा अंगठा तसाच वर राहिला होता. मग त्यांनी तो खिशातल्या रुमालाला पुसला, नीट, नखाच्या कडेपर्यंत.

"सुमित्रा ढक्कन म्हणत होती ते हेच?" त्यांनी विचारलं.

ते तिथेच पडलेले होते. सगळं ऐकत होते. हे या चार महिन्यांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"हेच," मी म्हटलं.

"तेव्हा किती वाजले होते?"

"पाचला दहा कमी."

त्यांनी मान हलवली. डॉक्टरांनी दोन तास दिले होते हे त्यांनाही नंतर कळलं होतं. झाड पडलं तेव्हा सव्वाचार झाले होते, त्यातली पस्तीस मिनिटं गेली होती. तो हिशेब त्यांनी माझ्यासमोर केला नाही. रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला.

"तिची माफी मागितलीस?"

"नाही."

ते उठले. वासंती म्हणाली, भाऊसाहेब, श्रीखंड घेऊन जा. ते म्हणाले, नंतर येतो, आणि मला माहीत होतं की ते येणार नाहीत. काठी घेऊन ते जिन्यापाशी गेले. उतरताना नकली पाय नेमका कुठं पडतो ते त्यांना अजून कळत नसे, म्हणून ते नेहमी माझा हात मागायचे. मी पुढे होऊन हात धरला. त्यांनी तो पाहिला. मग त्यांनी कठडा पकडला आणि एकेक पायरी चाचपत खाली उतरले. मी हात तसाच धरून वर उभा होतो.